दर रविवारी हरवून जा

"खेळणार की सोडणार, ते सांगा आजी," पंच मला म्हणाले. थोड्याच वेळापूर्वी माझ्या भावाला, भगवानला, जीपमध्ये घालून परंड्याच्या दवाखान्यात नेलं होतं, आणि आत्ता जीपवाल्याचा फोन आला होता की दारातच सगळं संपलं. फोन मीच घेतला, कारण आमच्या टीमबरोबर उरलेलं मोठं माणूस मी एकटीच होते. पोरी चुन्याच्या रेषेपाशी उभ्या होत्या आणि माझ्या तोंडाकडं बघत होत्या. नाणेफेक झाली होती. समोरची टीम पलीकडं उभी होती.

भगवान ओरडला वगैरे नाही. मैदानातला खो-खोचा खांब हलतो का ते बघायला त्यानं दोन्ही हातांनी खांब धरला, तसाच धरून खाली बसला आणि मग आडवा झाला. मला वाटलं, उन्हानं चक्कर आली. पाणी घेऊन गेले तर पाणी प्यायला नाही. लोक आता विचारतात, शेवटचं काय बोलला? काही बोलला नाही. त्याला तेवढी सवड मिळाली नाही.

भगवान माझा धाकटा भाऊ. ईट गावाच्या पलीकडं आमचं गाव. मला गावातल्या गावातच दिली, म्हणून मी त्याला जन्मभर बघितलं. मी चौथीनंतर शाळा सोडली, तो शिकला आणि गावच्या हायस्कुलात खेळाचा मास्तर झाला. माणूस मेलं की त्याचं सगळं चांगलंच सांगायचं, अशी रीत आहे. पण भगवान तापट होता. बायकोच्या माहेरच्या एकाही लग्नाला तो वेळेवर गेला नाही. दोन्ही मुलं पुण्याला गेली, त्यांना त्यानं कधी पोटभर पत्ते खेळू दिले नाहीत की सिनेमाला नेलं नाही. शेतात त्याचा काडीचा उपयोग नव्हता. त्याला एकच गोष्ट येत होती, पोरींना खो-खो शिकवणं, आणि तीही त्यानं एका चुकीनं सुरू केली.

चूक अशी. तेव्हा गावात पोरी चड्डी घालून मैदानात पळणार म्हटल्यावर कोण पाठवणार? भगवान मग गावातल्या तीन मोठ्या घरांत गेला. जत्रेत जशी पालखीला पहिला खांदा कुणाचा, दिवटी कुणाची हे घराघराला ठरलेलं असतं, तसं त्यानं त्यांना सांगितलं, "तुमच्या घरची पोरगी पहिल्या तुकडीत पळेल." खो-खोत एक बाजू रांगेत बसते आणि पाठलाग करते, दुसऱ्या बाजूच्या तीन-तीन पोरी पळायला उतरतात. जी पहिल्यांदा उतरते ती सगळ्यांना दिसते, तिचं नाव होतं. तीन घरं तयार झाली. त्यांच्या पोरी आल्या म्हटल्यावर बाकीच्यांच्याही आल्या. टीम उभी राहिली आणि जिल्ह्यात गाजली. त्या तीन घरांत एक घर माझं.

पण दिलेला शब्द गावानं मान करून टाकला. एका घरची पोरगी लग्न होऊन गेली की त्याच घरची दुसरी पहिल्या तुकडीत यायची, पाय चालो न चालो. काही वर्षं नशीब चांगलं होतं. माझी नात सारिका आणि दुसऱ्या दोन घरांतल्या दोघी खरंच चांगल्या निघाल्या. सारिका खांबाजवळ सूर मारायची तेव्हा मैदानाच्या कडेला झाडावर माणसं चढून बसलेली असायची. बाकीच्या पोरी मात्र फक्त रांगेत बसायच्या. पळण्याची पाळी त्यांच्यावर येईपर्यंत खेळ संपत आलेला असायचा. मग पुढं त्या तिघी थकायला लागल्या. शहरातल्या टीम त्यांचं पळणं ओळखून होत्या, त्यांना लवकर बाद करायच्या, आणि मागं काहीच नसायचं. आम्ही हरायला लागलो. आधी शेवटच्या सामन्यात, मग त्याच्या आधी, मग पहिल्याच सामन्यात.

एके दिवशी सकाळी भगवाननं पारावर सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, तिघींना धाराशिवच्या क्लबात पाठवतो, आणि इथं लहान पोरी घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. तात्या म्हणजे गावच्या खेळाच्या मंडळाचे अध्यक्ष, त्या तिघींतली एक त्यांची पुतणी. ते उठूनच उभे राहिले.

"सर, दुभती जनावरं बाजारात नेऊन कुणी रिकामा गोठा झाडत बसतं व्हय?"

"जनावरं न्हायत त्या, तात्या. आन् गोठ्याचंच म्हणाल तर तो कवाचा रिकामा झालाय. तिघी पळायल्यात, बाकीच्या बसून बसून म्हाताऱ्या व्हायल्यात."

"एक साल थांबा. औंदा ढाल आणू, मग काय करायचं ते करा."

"मागल्या साली बी तुमी हेच म्हणलं होतं. त्याच्या मागल्या साली बी."

माझा मुलगा संजय, सारिकाचा बाप, तिथंच होता. तो म्हणाला, "मामा, तुमाला पोरगी न्हाय म्हणून बोलायलात. असती तर दिली असती का काढून?" भगवानला ते लागलं, हे मला दिसलं. मग मीच बोलले, "संजय, पोरगी तुझी हाय, पण नात माझी बी हाय. तिला इचारलं का कुणी?" कुणीच विचारलं नव्हतं. सारिका पाराच्या खाली उभी होती. तिनं भगवानला विचारलं, "आजोबा, मी वाईट खेळायले का?"

"न्हाय. लई चांगलं खेळतीस. म्हणून तर हितं वाया चाललीस."

तिला ते पटलं नाही, राग आला. बरेच दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पण पिशवी भरून गेली. तिच्या पाठोपाठ त्या दोघीही गेल्या. तात्यांनी त्या दिवसापासून भगवानच्या घरचा चहा सोडला आणि संजयनं मामाच्या दारावरून जाणं बंद केलं. आमचा मान काढला, असं तिन्ही घरं म्हणायला लागली. एक घर माझंच असल्यामुळं मला ते रोज जेवताना ऐकायला मिळायचं.

क्लबवाल्या बाई तिघींना न्यायला आल्या तेव्हा त्यांनी भगवानला विचारलं, "सर, बदल्यात काय देऊ? नवे खांब पाठवू का? की आमच्या एक-दोन मुली खेळायला देऊ?" मी तिथंच शेंगा फोडत बसले होते. भगवान म्हणाला, "खेळाडू नकोत मला. तुमच्या बारक्या पोरींची टीम घेऊन दर रविवारी या आणि माझ्या पोरींना हरवून जा." बाई हसल्या. "सर, हे कसलं मागणं?" पण तो हसत नव्हता, हे बघून त्यांनी कबूल केलं, आणि दिलेला शब्द पाळला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण शब्द पाळणारी माणसं थोडी असतात.

मला स्वतःला त्याचं म्हणणं पटलं होतं असं नाही. सारिका जावी असं मला वाटत होतं. इथं राहिली असती तर दोन वर्षांत लग्न लावून दिलं असतं. पण उरलेल्या पोरी बघून मी त्याला स्पष्ट सांगितलं, "भगवान, ह्या पळता पळता एकमेकींच्या अंगावर पडत्यात. तुझ्या हयातीत ह्यांचं काय हुणार न्हाय."

"न्हाय तर न्हाय," तो म्हणाला, आणि चुन्याची बादली घेऊन निघाला.

रविवार सुरू झाले. शहरातल्या पोरी सकाळी यायच्या, आमच्यांना झोडपायच्या आणि जेवणाच्या आधीच परत जायच्या. गाव बघायला यायचं, हसायला. "सरांनी हिरे दिले आन् मार घेतला," असं तात्या मोठ्यानं म्हणायचे, भगवानला ऐकू जाईल असं. तो पोरींवर ओरडायचा, पण हरल्या म्हणून नाही. बसलेली पोरगी खो मिळायच्या आधीच उठली, की ओरडायचा. दिशा धरून मधेच मागं वळली, की ओरडायचा. बाजारात बांगड्या विकणाऱ्या शमीमची अल्फिया त्यानं पहिल्या तुकडीत घातली. ही पोरगी दोन वर्षं नुसती रांगेत बसलेली होती, तिच्या घराला कसला मान? ती बुटकी आहे, पण वाकून अशी निसटते की हात लावणाऱ्याच्या हातात वारा येतो. पहिल्या रविवारी ती लगेच बाद झाली आणि रडली. भगवान म्हणाला, "रडून झालं का? मग पाठ का दावलीस ते सांग." एवढंच.

मग गाव हसायलाही येईना. ते त्याला जास्त लागलं. मैदानावर आम्ही तेवढे उरलो. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. शहरातल्या पोरींची गाडी उशिरा सुटायला लागली. आधी त्या जेवणाच्या आत निघायच्या, दिवाळीनंतर त्यांचं जेवण इथंच व्हायला लागलं. भगवानची बायको कमल चुलीपुढं कुरकुरायची, "ह्यांच्या हरण्यापायी भाकरी म्या थापायच्या." मी म्हणाले, "थाप बाई. हरायला आता वेळ लागायलाय, म्हणून थापायच्या." ती हसली. कमल तशी हसत नाही… पण तेव्हा हसली.

पंचांना मी काय सांगितलं, ते आता सांगते. परंड्याची स्पर्धा ही नव्या टीमची पहिलीच बाहेरची स्पर्धा. कमलचे गुडघे धरले होते आणि पोरींबरोबर एखादी बाई असावी, म्हणून मी गेले. गावातून कुणी आलं नाही. "हरायला डिझेल कशाला जाळताय?" तात्यांनी निघताना विचारलं होतं. संजय दारात उभा होता, तो आत गेला.

मी पंचांना विचारलं, "सोडलं तर काय हुतं?"

"समोरच्या टीमला पुढे चाल मिळते."

"आन् खेळलं तर?"

"खेळलात तर खेळलात. आजी, कसंही केलंत तरी कुणी नावं ठेवणार नाही." त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. बरा माणूस होता.

मी पोरींना जवळ बोलावलं. खोटं बोलून काय उपयोग? "सर गेले," मी सांगितलं. "दवाखान्याच्या दारातच गेले. आता रडायचं तर रडा, खेळायचं तर खेळा. मला खेळातलं काय कळत न्हाय. जीप परत येईस्तवर आपल्याला हितंच थांबायचंय." दोघी-तिघी माझ्या पदराला धरून रडायला लागल्या. अल्फिया रडत नव्हती, तिचे ओठ मात्र पांढरे पडले होते. ती म्हणाली, "आजी, आधी आपली पाळी बसायची हाय."

"मग?"

"मग बसू."

आणि त्या जाऊन बसल्या, एकीचं तोंड इकडं, एकीचं तिकडं, जशा रविवारी बसतात तशा. दोघी रडत रडतच बसल्या. शिट्टी झाली. खो म्हणताना त्यांचे आवाज फाटत होते, पण खो मिळायच्या आधी एकही उठली नाही. पुढं पळायची पाळी आली तेव्हा अल्फिया पहिल्या तुकडीत उतरली आणि वेळ संपेपर्यंत तिला कुणी हात लावू शकलं नाही. तरी थोडक्यात हरल्या. समोरच्या पोरींनी जिंकल्यावर आरडाओरडा केला नाही. तोवर जीप परत आली होती.

मला काळीज नाही, असं गावात काही जणी म्हणाल्या. भाऊ तिकडं पडलेला आणि ही इकडं मॅच बघत बसली. व्हय, बघितली. भगवानजवळ जीपवाला होता. पोरींजवळ कुणी नव्हतं.

दहाव्याला तात्या आले. माणूस आलं ते चांगलं केलं. पण बसल्या बसल्या ते सारिकाला म्हणाले, "आता तुमी तिघी परत या. सरांच्या नावानं टीम उभी करू, ढाल आणू." सारिका म्हणाली, "तात्या, माझ्या जागेवर आता अल्फिया हाय." तात्या माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "टीम हाय की. सकाळी मैदानावर असती. येऊन बघा." दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. संजय आला. एका बाजूला हाताची घडी घालून उभा राहिला आणि परत गेला. आता येतो अधूनमधून, पाण्याचा टँकर घेऊन, मैदान भिजवायला.

क्लबवाल्या बाईंचा फोन आला होता. "आजी, सर नाहीत, तर रविवारचं काय करायचं?" मी म्हणाले, "ठरलंय ते ठरलंय. या." त्या येतात. त्यांच्याबरोबर सारिका येते आणि आमच्या पोरींवर ओरडते, भगवानपेक्षा जरा कमी. पोरी अजून एकदाही जिंकलेल्या नाहीत. जिंकतील की नाही, मला माहीत नाही.

परंड्याला त्या दिवशी काय झालं, ते आता गावात सगळेच सांगतात. पारावर सांगतात, लग्नाच्या पंगतीत सांगतात, आपण तिथंच उभे होतो अशा थाटात सांगतात. तिथं गावातलं कुणी नव्हतं. त्या पोरी होत्या, आणि मी होते.