मढच्या कम्प्युटरमधले दोन आवाज

फेरीबोटीत पाय ठेवला आणि बॉसचा फोन आला. वर्सोव्याहून मढला पोचायला पाच मिनिटं लागतात. शिव्या द्यायला बॉसना तेवढी पुरतात. तिसऱ्यांदा चाललायस, आज ते मशीन गप्प झालं नाही तर परत येऊ नकोस, तिथेच बोंबील सुकवत बस, असं ते म्हणाले. मी त्यांच्याच आवाजात ‘बघतो बघतो, टेन्शन नको’ म्हटलं. शेजारची मावशी हसली. बॉसना काही कळलं नाही. स्वतःचा आवाज माणसाला ओळखू येत नाही.

मी अंधेरीत कम्प्युटर दुरुस्त करतो. शाळा देवरुखला झाली. तिथे मास्तरांचे आवाज काढून छड्या खाल्ल्या, इथे त्याच कलेवर पोट भरतं. गिऱ्हाईक फोनवर ‘आवाज येतोय’ एवढंच सांगतं. मग मी तोंडाने एकेक आवाज काढून दाखवतो. घुर्रर्र, कर्रकर्र, टिकटिक. ते म्हणतं, हां, दुसरा. निम्मं काम तिथेच होतं.

मढच्या निर्मलाताईंचं मशीन पंधरा दिवसांपूर्वी बंद पडलं होतं. खाऱ्या हवेने पॉवर सप्लाय गेलेला. मी दुकानात नेऊन तो बदलला, आतली धूळ काढली, पंखा उतरवून पुसला, परत बसवला. घरी नेल्यावर चालू करताना स्क्रीनवर यायला लागलं, ‘सीपीयू फॅन एरर’. म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा मशीनला दिसत नाही. पंखा तर फिरताना दिसत होता. बॉस म्हणाले, फिरतोय ना, मग वॉर्निंग बंद कर. दुसऱ्या फेरीत मी सेटिंगमध्ये जाऊन ती बंद केली. स्क्रीन शांत झाली. मशीन नाही झालं.

ताई सकाळी मासे विकतात आणि दुपारी माइकसमोर बसून पुस्तकं वाचतात, डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांसाठी. त्यातला एक ओंकार, वाकोल्याचा, वकिलीची शेवटची परीक्षा देणारा. सोमवारी पेपर. परीक्षेला लागणारं मराठीतलं कायद्याचं पुस्तक दुसरं कुणी वाचलेलं नाही, आणि तीन प्रकरणं बाकी होती. आज शनिवार. मशीनची घरघर माइकमध्ये येत होती, म्हणून ताईंनी फोनवर रेकॉर्ड करून बघितलं, तर कलमांच्या मध्ये गल्लीतले सगळे कोंबडे आले.

दुपारचे दोन वाजले होते. बांबू बांधून केलेल्या वळांड्यांवर बोंबील सुकायला लटकत होते आणि त्यांच्यामधून ऊन असं गळत होतं की सगळी वाडी पाण्याखाली असल्यासारखी वाटत होती. कुणी बोलत नव्हतं. एक मांजर होडीच्या सावलीत झोपलं होतं. मलाही तिथेच आडवं व्हावंसं वाटलं.

ताईंनी चहा ठेवला, मशीन चालू केलं आणि ओंकारला स्पीकरवर घेतलं.

“हा तोच का, आवाज काढणारा?” ओंकार म्हणाला. “काढून दाखव रे, तुझं मशीन कसं ओरडतंय.”

मी काढला. घुर्रर्रर्र. मला वाटलं झकास जमला.

“अर्धाच काढलास. हे दोन आवाज आहेत. एक वारा, एक खडा. तू नुसता वारा काढतोयस.”

मी डोळे मिटले. ताईंनीही मिटले. मग आम्ही तिघंही नुसते ऐकत राहिलो. वाकोल्यात एक आणि मढला दोघं. खाडीवर बोटीचं इंजिन कुठेतरी लांब धडधडत होतं, पंख्याचा वारा वाहत होता, आणि त्या वाहण्याच्या आत खरंच काहीतरी बारीक आपटत होतं. एक, एक, एक. मला पेंग यायला लागली. किती वेळ गेला कोण जाणे.

“झोपलास काय?” ओंकारने विचारलं.

मी मशीन बंद करून कव्हर उघडलं. डब्याच्या मागच्या पंख्याच्या पात्याला तांबडा ठिपका होता. बोटाने खरवडला. तांदळाचा दाणा, कुंकवाने चिकटलेला. दुसरा दाणा पातं आणि चौकट यांच्यामध्ये अडकला होता. पातं येताजाता त्याला टपली मारत होतं. खाली आणखी सात-आठ दाणे.

ताईंच्या सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांना काहीच नवल वाटलं नाही. “होरी दुरुस्त झाली का पूजा करताव. मंग याची नको?” दुरुस्तीहून आलेली होडी ओवाळल्याशिवाय पाण्यात जात नाही. कम्प्युटरही दुरुस्तीहूनच आला होता. त्यांनी नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, आणि वरच्या जाळीवर मूठभर ओल्या अक्षता टाकल्या. होडीला जाळी नसते, एवढाच फरक.

ताई ओशाळल्या. मी बॉसना फोन लावला. ते खूश झाले. म्हणाले, मग झालं तर, सगळं त्यांच्या तांदळावर ढकल आणि निघ.

दाणे चिमट्याने काढले, पातं पुसलं, मशीन चालू केलं. टिक गेली. ताईंनी हात जोडले, आणि मी स्क्रू ड्रायव्हर पाऊचमध्ये टाकला.

“खडा गेला,” ओंकार म्हणाला. “वारा तसाच आहे. ताई, यात वाचू नका. मला पाऊण तास हे ऐकवणार नाही, डोकं उठतं.”

खरं सांगतो, निघून जावंसं वाटलं. तांदूळ हातात होता, कुणी काही म्हटलं नसतं. पण मी बंद केलेली ती वॉर्निंग डोक्यात फिरत होती. तांदूळ मागच्या पंख्यात होता. तक्रार प्रोसेसरच्या पंख्याची होती.

परत कव्हर काढलं. टॉर्च मारला. त्या पंख्याची वायर बोटाने धरून शेवटपर्यंत गेलो. ती भलत्याच पिनांवर होती. बोर्डावर पंख्याच्या दोन जागा असतात. एक प्रोसेसरची, तिथे मशीन पंख्याला सांगतं, आता हळू, आता जोरात. दुसरी डब्याच्या पंख्याची, आणि या बोर्डावर तिथे सांगणारं कुणी नाही, पंखा आपला कायम फुल स्पीड. पुसून परत बसवताना मी दुसरीत खोचली होती. मशीन पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं.

“ताई,” मी म्हटलं, “हा वारा माझा आहे. आजींचा फक्त खडा होता.”

फोनमधून ओंकार म्हणाला, “कबुलीजबाब. लिहून घ्या.”

वायर बदलली. वॉर्निंग परत चालू केली. मशीन सुरू केलं तर स्क्रीनवर एकही ओळ आली नाही, आणि आवाज इतका खाली गेला की ताईंना वाटलं पुन्हा बंद पडलं. ओंकार थोडा वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, वाचा.

ताईंनी माइक जवळ ओढला. मी कव्हर लावलं, पण निघालो नाही. भिंतीला टेकून बसलो. दुपार उतरत होती. जंगम मालमत्ता, स्थावर मालमत्ता, ताईंचा आवाज एका लयीत चालला होता. सासूबाई दारात बसून कायदा ऐकत होत्या. शेवटची फेरीबोट केव्हाची ते मी कुणाला विचारलं नाही.

रविवारी दुपारपर्यंत तिन्ही प्रकरणं ओंकारकडे पोचली. पेपर बरा गेला म्हणतो, होऊ घातलेला वकील आहे, नक्की काही सांगत नाही. दुकानात आता कुणी ‘वॉर्निंग बंद कर’ म्हटलं की मी आधी स्वतः लावलेली वायर बघतो. गिऱ्हाईकाचा तांदूळ नंतर. बहुतेक वेळा तांदळापर्यंत जावंच लागत नाही.