अहो

जखमी रानटी जनावरं बरी करून पुन्हा रानात सोडायची, हे आमच्या केंद्राचं काम. जनावरांमागोमाग भाबडी माणसंही येतात. त्यांना वाटतं, औषधपाणी केलं की जनावर उपकार मानेल. डोंबलाचे उपकार! ते चावतं, नाहीतर निपचित पडून राहतं. निपचित पडलं की ही मंडळी खूश, ‘बघा, कसं विश्वासानं पडलंय!’ अरे बाबांनो, ते भेदरलंय. इथली डॉक्टर म्हणून बावीस वर्षं हेच सांगून माझा घसा बसला.

ऑपरेटरबाई भाबड्या नव्हत्या. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोलण्याचीच नोकरी करून निवृत्त झालेल्या. यजमान सकाळी चहाला उठले आणि बाथरूमच्या दारात कोसळले ते पुन्हा उठलेच नाहीत, त्याला तीन आठवडे झाले होते. नणंद त्यांना घेऊन आली. “वहिनीला काहीतरी काम द्या हो. फार खंबीर आहे. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.” मी मान डोलावली. माझी अक्कल तेव्हा कुठं चरायला गेली होती, कोण जाणे.

बाईंना एप्रन दिला आणि नियम सांगितला: जनावरांशी बोलायचं नाही.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “बोलायला काही नाहीच.”

त्याच आठवड्यात गाडीची धडक बसलेला कोल्हा आला. जेमतेम वर्षाचा, मागचा पाय मोडलेला. पायात सळई घातली. चार दिवस तो कोपऱ्यात तोंड खुपसून होता. समोर कोणी असलं की अन्नाला शिवायचा नाही. बाई ताटली सरकवायच्या आणि पाठ करून उभ्या राहायच्या. पाचव्या दिवशी ताटली रिकामी झाली. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. घरीही तसंच, असं नणंद सांगायची. जेवतात, झोपतात, कुलूप लावून कामाला जातात.

सोडण्याआधी तपासणी असते. माणूस दिसताच जनावर पळालं किंवा गुरगुरलं, की पास. जवळ आलं, की वहीत शेरा: ‘माणसाळला’. बाहेर हा शब्द कौतुकाचा आहे. आमच्याकडे ती जन्मठेप. माणसाळलेला कोल्हा वस्तीत शिरतो आणि मरतो, म्हणून त्याला कायमचं पिंजऱ्यात ठेवावं लागतं.

नवव्या आठवड्यात मी तपासणीला गेले. बाईंची पावलं वाजली आणि कोल्हा कान टवकारून थेट जाळीशी आला. माझं टाळकं फिरलं.

“बोललात ना त्याच्याशी?”

“हो.”

“काय?”

“घरचंच. दूध नासलं, चष्मा सापडत नाही.” बाई ताटलीकडे बघत होत्या. “एकदा चुकून ‘अहो’ निघून गेलं तोंडातून. त्यानं मान वर केली. घरी आता कोणी मान वर करत नाही. मग रोजच...”

मी सुनावलं, तुमच्या ‘अहो’पायी हा जन्मभर आत राहील. उपाय एकच होता. ज्या हाकेला तो येतो, तिचीच त्याला धास्ती बसायला हवी. मी हे काम दुसऱ्या कोणाला तरी देणार होते.

“हाक माझी आहे,” बाई म्हणाल्या.

मग रोज सकाळी बाई जाळीसमोर उभ्या राहायच्या, “अहो” म्हणायच्या, आणि तो आला की पत्र्याचा डबा बडवायच्या, पाइपनं त्याच्यावर पाणी मारायच्या. पहिल्या दिवशी तो भिजून मागं गेला आणि हाकेसरशी परत आला. तीन वेळा. तिसऱ्या वेळी मीच तोंड फिरवलं. बाई मात्र रोजचे कपडे आपटावेत तशा डबा बडवत राहिल्या.

पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी.

“अहो.”

कोल्हा कोपऱ्यात गेला आणि दात विचकून गुरगुरला. मी वहीत लिहिलं, ‘माणसाळला नाही.’

“पास,” मी म्हटलं.

“बरं,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी माळाच्या कडेला पिंजऱ्याचं दार वर ओढलं. तो सुटला तो झुडपांत शिरेपर्यंत थांबला नाही. मागं वळून वगैरे पाहिलं नाही. तसलं फक्त भाबड्यांना दिसतं.

बाई झुडपांकडे बघत राहिल्या. “गेले,” त्या म्हणाल्या.

कोल्ह्याला कोणी ‘गेले’ म्हणत नाही.

मग त्या तिथंच मातीत बसल्या आणि रडू लागल्या. मोठ्यानं, तोंडावर हातही न घेता, साडेतीन महिन्यांत पहिल्यांदाच. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. रिकामा पिंजरा गाडीत चढवायला दोघी लागतात. मी थांबले.