मीटरला न दिसणारा लाडू

"मीटर खोटं बोलत नाही!" असं म्हणून काकू डाव्या हाताचं बोट गिऱ्हाइकासमोर उभं धरायच्या. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब, दुसऱ्या हातात शुगर मोजायचा मीटर. समोरचा माणूस चष्मा सावरून आकडा वाचायचा आणि मुकाट्याने अर्धा किलो लाडू बांधून घ्यायचा.

नारायण पेठेत एका इमारतीच्या तळमजल्यावर काकू राहायच्या. बाहेरच्या खोलीत त्यांचा 'खास मधुमेहींसाठी' लाडवांचा व्यवसाय आणि आतल्या खोलीत भाडेकरू म्हणून मी. मी पुसदजवळच्या गावातली, आमच्या घरातली पहिली पदवीधर. आहारशास्त्र शिकले होते आणि सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून नुकतीच लागले होते. काकू सगळ्यांना माझी ओळख "आमच्या पथ्यवाल्या बाई" अशी करून द्यायच्या. मी पहिल्यांदा बॅग घेऊन दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी न विचारता ताट वाढलं आणि म्हणाल्या, "आधी स्वतः जेवा. मग पुण्याला उपाशी ठेवा." परक्या शहरात एवढ्या हक्काने कुणी टोमणा मारला, की बरं वाटतं.

काकूंना स्वतःला मधुमेह होता, आणि तो कितीतरी वर्षांचा. पण त्यांनी त्याचाच धंदा केला. लाडवात साखरेऐवजी फ्रुक्टोजची पूड घालायच्या. पाकिटावर फळांचं चित्र होतं आणि 'फळांतली साखर' असं लिहिलेलं होतं. त्यातल्या 'फळांतली' या शब्दावर काकूंचा फार विश्वास. दुपारी चारला गिऱ्हाइकांसमोर दोन लाडू खायच्या आणि सांगायच्या, "पाचला या, मीटर लागेल." पाचला माणसं खरंच यायची. आकडा जेमतेम हललेला असायचा. अशी जाहिरात तुम्ही-आम्ही दुसरीकडे कुठे पाहिली आहे?

बरं, विकणारी बाई स्वतः खात नाही असंही नव्हतं. प्रत्येक घाण्याची चव बघायची. सकाळी कोमट पाण्यात मध. उन्हातून आल्यावर 'साखर न घातलेला' फळांचा रस, पेला भरून. साखर मात्र घरात औषधालाही नाही! चहा कोरा आणि अगोड.

दिवाळीच्या महिनाभर आधी काकू मला म्हणाल्या, "हल्ली उजव्या कुशीला जड जड वाटतं हो. आणि शुगर तर बघा, शहाण्या मुलीसारखी आहे."

मी विचारलं, "काकू, रक्तातली चरबी कधी तपासली होती?"

"चरबी? मी तेल खात नाही."

"तेलाची नाही म्हणत मी. लाडवाची म्हणतेय."

काकूंनी लाडू वळायचं थांबवलं. मी शिकले होते तसं, पण माझ्या आईला समजेल अशा शब्दांत सांगितलं. मीटर फक्त ग्लुकोज मोजतो. फ्रुक्टोज त्याला दिसतच नाही. ते बहुतेक सगळं थेट यकृताकडे जातं. थोडं असेल तर यकृत निभावून नेतं. रोज भरपूर आलं, की त्याची चरबी करतं, थोडी स्वतःत साठवतं, थोडी रक्तात सोडतं. मधुमेहात इन्सुलिनचं काम आधीच नीट चालत नाही, यकृतावर चरबी चढली की ते आणखी बिघडतं.

"म्हणजे माझा मीटर आंधळा?"

"आंधळा नाही हो. पुढच्या दाराचा वॉचमन आहे. हे मागच्या दाराने येतं."

"आणि तुमची ती सफरचंदं? ती कुठल्या दाराने येतात? तुम्हीच तर रोज मला एक खायला लावता."

"सफरचंदात ते थोडं असतं, आणि चोथ्यासोबत हळूहळू येतं. चावून खाल्लेलं एक फळ वेगळं, पेलाभर रस वेगळा."

"बघते," एवढंच बोलून काकू पुन्हा लाडू वळायला लागल्या. त्या संध्याकाळी पाचला मात्र मीटर लागला नाही.

दुसऱ्या दिवशी काकू माझ्या आधी आमच्या दवाखान्यात हजर होत्या. रक्त दिलं, सोनोग्राफी करून घेतली. यकृतावर चांगलीच चरबी होती आणि रक्तात ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबीच, नको तितकी चढलेली. आमच्या डॉक्टर मॅडमनी शांतपणे सांगितलं, "लाडू, मध, रस, तिन्ही थांबवा. हे उतरू शकतं." काकूंनी ऐकून घेतलं. जिना उतरताना मला म्हणाल्या, "माझं उतरेल. पण मी जे लोकांना चारलं त्याचं काय?"

दिवाळीच्या ऑर्डरी घेऊन झाल्या होत्या. वर्षभराचा धंदा त्या पंधरवड्यावर चालायचा. मी म्हटलं, "काकू, एवढी दिवाळी करा, मग हळूहळू बंद करा." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"बाई, लोक माझं बोट बघून लाडू नेतात. पाकीट बघून नाही."

चारला नेहमीची गिऱ्हाइकं आली. काकूंनी लाडू खाल्ला नाही. उभ्या राहून म्हणाल्या, "मीटर खोटं बोलत नाही. पण आपण त्याला अर्धाच प्रश्न विचारत होतो." मग दारं, वॉचमन, यकृत, सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा रंगवून. एक निवृत्त बँकवाले काका चिडले. "अहो, मग आम्ही दिवाळीत खायचं काय?"

"चकली."

"किती?"

"एक. आणि माझ्याकडे असं बघू नका, मीसुद्धा एकच खाणार आहे. जाताना रक्तातली चरबी तपासून घ्या, तेवढं ऐका."

माझ्या वडिलांनाही मधुमेह आहे. मी गावी जाताना काकू त्यांच्यासाठी दर वेळी डबा द्यायच्या, आणि 'कधीतरीच तर' म्हणून मीही तो न्यायचे. त्या दिवशी त्यांनी माझ्याच फोनवरून बाबांना फोन लावला. "भाऊ, माझं चुकलं. ते लाडू आता खाऊ नका."

पलीकडून बाबांचा आवाज खोलीभर ऐकू आला. "आता कुठले खातो बाई! डबा तं कवाचाच रिकामा झाला. लय बेस होते!"

काकू हसल्या. फोन ठेवल्यावर पदराने डोळे पुसले आणि मला दटावलं, "बघत काय बसलात? त्यांना तपासणीला आणा पुण्याला." मी आणलं. बाबा त्यांच्याकडेच उतरले आणि भाकरी किती खायची यावरून दोघं जेवणभर भांडली.

'खास मधुमेहींसाठी' ही पाटी काकूंनी स्वतः उतरवली. पुढे चकल्या, भाजणी आणि मेतकूट यांवर धंदा पुन्हा उभा राहिला. लहान झाला, पण राहिला. पुढच्या तपासणीत रक्तातली चरबी बरीच उतरली होती. तो कागद त्यांनी मीटरसारखाच सगळ्या पेठेला दाखवला.

काकू आता नाहीत. गेल्या उन्हाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं. त्यांच्या खोलीत आता कुणाचं तरी झेरॉक्सचं दुकान आहे. दवाखान्यात आजही कुणीतरी फळांतल्या साखरेचं पाकीट घेऊन येतं आणि म्हणतं, "मॅडम, मीटरवर काहीच दिसत नाही!" मी त्यांना काकूंची दारं सांगते.

आणि सांगताना मला त्यांची शेवटची दिवाळी दिसते. त्यांनी साध्या साखरेचे, बोराएवढे लाडू केले होते. जेवताना एक पोळी बाजूला सारली, त्याऐवजी एक लाडू घेतला. तासाभराने बोट टोचलं. आकडा वर गेला होता, पण ठीक होता.

मी म्हटलं, "काकू, साखरेतही अर्धं फ्रुक्टोजच असतं बरं."

"म्हणून तर बोराएवढा." आणि मीटर माझ्यापुढे धरून काकू लहान मुलीसारख्या खुलल्या. "पण बघा, हा निदान पुढच्या दाराने, नाव सांगून आला!"