भुसा माझा, पेढे देवाचे

त्या काळी माझी भक्ती माझ्या वकिलीसारखीच होती. मागितले ते मिळालेच पाहिजे, नाही तर मी देवाशीही भांडायला तयार. विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाची जुनी मोटारसायकल मी घेतली आणि महिन्याभरात तिच्या गिअरपेटीतून विचित्र खरखर सुरू झाली. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी उभा राहून मी रोज एवढेच मागत होतो, की हा आवाज बंद कर. कोणीतरी सुचवले म्हणून पेटीतल्या वंगणात लाकडाचा भुसाही कालवला. आवाज गेला. भुसा मी घातला आणि पेढे मात्र देवाच्या नावाने शुक्रवार पेठेत वाटले.

मुलाचे जावळ मंगळवेढ्याला, मामाच्या मांडीवर काढायचे ठरले होते. त्या सकाळी बायको अकरा महिन्यांच्या बाळाला घेऊन गाडीच्या बाजूला जोडलेल्या डब्यात, साइडकारमध्ये, बसली आणि गल्लीच्या तोंडाशीच ती खरखर परतली, पहिल्यापेक्षा मोठी. मी भर रस्त्यात देवाला बोल लावू लागलो.

गिरणीकडे निघालेला एक म्हातारा विणकर थांबला. मागांच्या खडखडाटाने तो ठार बहिरा झाला होता. कानाला हात लावून त्याने तसे सांगितले. हा काय आवाज शोधणार, असे मला वाटले. त्याने पिशवीतला मागाचा लाकडी धोटा काढला, एक टोक गिअरपेटीला टेकवले, दुसरे दातांत धरले आणि गाडी स्टँडवर चढवून एकेक गिअर टाकायची खूण केली. कानांना न पोचणारी खरखर तो दातांच्या थरथरीतून ऐकत होता.

"तिसऱ्यात न्हाय," तो म्हणाला. "साखळी तर तिसऱ्यातबी फिरती, म्हंजे ती बरी हाय. आतल्या बारक्या चाकाचा दात मोडलाय."

झाकण उघडले. भुशाच्या लगद्यात पोलादाचा तुकडा होता, आणि शेजारचा दातही तडकलेला. तो तुकडा वाटेत अडकला असता तर धावत्या गाडीचे चाक जागीच जखडले असते. बायको बाळाला उराशी धरून खाली उतरली. मी धुळीतच बसलो.

म्हाताऱ्याने चिमटीत भुसा चोळून पाहिला.

"तोंड कशाला दाबलं हिचं? ती सांगत हुती की."

गिरणीचा भोंगा झाला आणि कामगार पळताना पाहून तोही निघून गेला. नाव विचारायचेही मला सुचले नाही. मामा सोलापुरात आला आणि जावळ आमच्या ओसरीवरच निघाले.

मी नवस करून जो आवाज बंद पाडायला निघालो होतो, तोच देवाने माझ्या लेकरासाठी चालू ठेवला होता. आजही देवळात गेलो की मागणे ओठांपर्यंत येते. मग मी मुलाच्या डोक्यावर हात ठेवतो आणि गप्प राहून ऐकतो.