भैरवाच्या उलट्या फेऱ्या

शहरातल्या पलासिया भागातली नोकरी संपल्यावर मला एक नाद लागला. जुन्या मूर्तीभोवती फिरत मोबाईलवर भराभर फोटो काढायचे. सॉफ्टवेअर ते जोडतं आणि मग कुणालाही घरबसल्या बोटाने मूर्ती फिरवून बघता येते. लालबाग राजवाड्यात शिल्पांकडे ढुंकून न बघणारे लोक माझ्या पेजवर तासन्‌तास रमायचे. मला त्याचा भारी तोरा होता.

त्या दुपारी गौतमपुऱ्याच्या पुढच्या एका गावात पिंपळाखालच्या भैरवापाशी मी एकटीच होते. मी डावखुरी, त्यामुळे मूर्ती डाव्या हाताला ठेवूनच फिरते. एक फेरी खालून, एक मधून, एक वरून. आणि स्वतःशी पुटपुटायची खोड तर आहेच. मान वर केली तेव्हा समोर बायका उभ्या होत्या. मागून पुरुषही येत होते.

"उल्टी क्यों घूम री हो?" एकीने विचारलं. तिच्या कडेवर तापाने मलूल झालेलं पोर होतं. "और ये पढ़ क्या री हो?"

भैरवाला उलट्या फेऱ्या कोण घालतं, हे मलाही ठाऊक होतं. करणी करणारे. "फोटो ले रही थी, इंटरनेट के लिए," असं म्हणून मी हसले. हसायला नको होतं. कुणीतरी माझ्या स्कूटीची किल्ली काढून घेतली. इथे मला मारलं तर घरी कळणार तरी कधी, एवढंच डोक्यात घुमत होतं.

"जित्ती उल्टी, उत्ती सीधी," ती म्हणाली आणि पोर माझ्या हातात दिलं. "इसको लेके."

मी मूर्ती उजव्या हाताला ठेवून फिरू लागले. पोराचं अंग भाजत होतं, श्वास माझ्या गळ्याशी लागत होता. कधी नवस न बोललेली मी भैरवाला विनवत होते, याला काही होऊ देऊ नकोस, निदान मी इथून निघेपर्यंत तरी. इतकी मी घाबरले होते.

किल्ली परत मिळाली. निघताना तिने पेजचं नाव विचारलं, आणि खोटं बोलायचं मला सुचलंच नाही.

घरी आल्यावर तो भैरव पेजवर टाकायचा धीर झाला नाही. मग एका सकाळी तिचा मेसेज आला: "बच्चा ठीक है, दीदी." मी पलंगावर बसून चक्क रडले. डोळे पुसते तोच खाली दुसरा मेसेज: "पड़ोस वाली की बच्ची को भी बुखार है. कब आ री हो?"

म्हणजे त्यांच्या लेखी ताप मीच उतरवला होता. उद्या एखाद्याचा उतरला नाही, तर तोही माझ्याच माथी. आणि माझं नाव, फोटो, मोहल्ला, सगळं त्या पेजवर मीच हौसेने लिहून ठेवलंय.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. पण मी मेसेज वाचला, हे तिला तिकडे दिसलं असेल.