तीन तांबे पाणी

छबुबाई सही करायला शिकल्या त्या पन्नाशी ओलांडल्यावर. म्हातारपणी आलेल्या गोष्टीचं कौतुक जरा जास्तच असतं, तसं त्यांना त्या सहीचं होतं. 'छ'चं पोट फुगायचं, 'बु' खाली घसरायचा आणि शेवटच्या 'ई'पर्यंत येता येता कागद संपायचा. पण सही करताना त्या ताठ बसायच्या, पदर सारखा करायच्या आणि आजूबाजूच्या बायकांनी गप्प बसावं असं त्यांना वाटायचं.

दिंद्रुडपासून दोन कोसांवरच्या त्यांच्या गावात बायकांची दूध संस्था निघाली, तेव्हा चेअरमन म्हणून त्यांचंच नाव पुढं आलं. कारणं दोन. एक तर दुधाचा थेंब नखावर घेतला की त्यात पाणी किती ते त्या सांगायच्या. दुसरं म्हणजे त्यांना उलट बोलायची कुणाची छाती नव्हती. गावातल्या पुरुषांनी हिशेब केला होता की सहा महिन्यांत बायका भांडतील आणि संस्था बंद पडेल. बायका भांडल्या, नाही असं नाही. पण तिसऱ्या वर्षी त्यांनी पत्र्याची खोली बांधली, तीत काटा आला, पाटी लागली आणि दाराशी पाण्याचा माठ बसला.

दुधाच्या रांगेत रोज चाळीस-पन्नास बायका उभ्या राहायच्या. सुजलेला डोळा पदराआड किती दिवस लपणार? एकीनं सांगितलं, मग दुसरीनं. तालुक्याच्या समुपदेशन केंद्रातल्या वत्सलाबाई येऊन गेल्या. त्यांनी पाच बायकांची समिती केली आणि दोन दिवस सगळं समजावून सांगितलं. बाई आली की आधी तिला बसवा, ती बोलेस्तोवर तुम्ही बोलू नका, असं त्यांनी चारदा तरी सांगितलं असेल. छबुबाईंच्या ध्यानात राहिला तो त्या दोन दिवसांतला गोडमिट्ट चहा.

त्यांची स्वतःची रीत होती. बाईला खोलीत न्यायचं, दार लोटायचं, झंपर वर करून पाठ पाहायची. वळ दिसला की नवऱ्याला खंडोबाच्या पारावर बोलवायचं आणि चार लोकांसमोर त्याला बेलभंडारा उचलायला लावायचा. देवाचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडायला त्या भागात भलेभले भितात. मग बाईची ओटी भरायची, तिला घरी पोचवायचं आणि संस्थेचा हिशेब लिहिणाऱ्या सरस्वतीबाईंकडून रजिस्टरात लिहून घेऊन खाली सही ठोकायची. अशी चौदा घरं त्यांनी सांधली होती. कुणी विचारलं नाही तरी त्या आकडा सांगायच्या.

तेरावं घर दगडाबाईचं. दगडाबाई मेंढरं राखणाऱ्या घरातली, समितीतही होती आणि छबुबाईंची तीस वर्षांची मैत्रीण. दोघींची मिसरी एका डबीतली. दिवाळीच्या सुमाराला दगडाबाईच्या लेकानं, मुंजाजीनं, बायकोच्या पाठीवर काठी मोडली. बायको शिवकन्या, चार वर्षांच्या पोरीची आई, धर्मापुरीकडची. छबुबाईंनी मैत्रिणीचा मुलाहिजा ठेवला नाही. मुंजाजीला पारावर उभं केलं आणि "बायकोला बोट लावणार न्हाई" असं भंडारा उचलून म्हणायला लावलं. दगडाबाई आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी मिसरीची डबी घेऊन आपणहून आली. स्वतःच्या मैत्रिणीलाही सोडलं नाही म्हणून छबुबाईंचं वजन आणखी वाढलं, आणि ते त्यांना आवडलं.

त्या साली पाऊस पडलाच नाही म्हटलं तरी चालेल. माघातच विहिरींनी तळ दाखवला. दर तिसऱ्या दिवशी टँकर यायचा आणि प्रत्येक घरासमोर निळे ड्रम रांगेनं उभे असायचे. संस्थेतला माठ भरायला छबुबाई मळ्यातल्या बोअरवरून मैलभर डोक्यावर घागर आणायच्या. त्या माठाचा त्यांना आपल्या सहीइतकाच लळा होता.

चैत्रातल्या एका सकाळी शिवकन्या दूध घालायला आली. किटलीत दीड लिटरही नव्हतं. तिनं हळूच म्हटलं, मावशी, जरा बोलायचं होतं. छबुबाईंनी तिला आत नेलं, दार लोटलं, रीतीप्रमाणं तिला पाठमोरी केली. पाठ पाहिली, दंड पाहिले, पिंढऱ्या पाहिल्या. जुना वळ पांढरा पडला होता. नवा एकही नव्हता.

"कुठं मारलं?"

"मारीत न्हाईत."

"मग गं?"

शिवकन्या माठाकडं बघत होती. पाणी पिऊ का म्हणाली. एक तांब्या प्याली. दुसरा प्याली. तिसरा उभ्यानंच तोंडाला लावला, हनुवटीवरून ओघळलेलं पाणी तळव्यानं निपटलं आणि तळवा चाटला. छबुबाईंच्या डोळ्यांसमोर मैलभराची वाट आणि डोक्यावरची घागर आली. एवढ्यात बाहेर काट्याजवळ कुणीतरी हाक मारली म्हणून त्यांनी दार उघडलं. दारात सरस्वतीबाई, दगडाबाई आणि आणखी दोघीतिघी उभ्या होत्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात छबुबाई म्हणाल्या, "शिवकन्याबाई, तळाला थोडं ऱ्हाऊ द्या, का माठबी संगं न्यायचा इचार हाय?"

बायका हसल्या. दगडाबाई पोट धरून हसली. शिवकन्येनं तांब्या पालथा घातला.

"काय न्हाई मावशी," ती म्हणाली. "जाते म्या."

छबुबाईंनी रजिस्टर मागवलं. सरस्वतीबाईंनी लिहिलं : अंगावर वळ नाही, तक्रार नाही, खुशीने घरी गेली. खाली सही झाली. त्या दिवशी 'ई'सुद्धा कागदात मावली.

नवव्या दिवशी टँकरची नळी ड्रमात धरताना शिवकन्या तिथंच कोसळली. बायकांनी तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. तिथं सलाइनच्या दोन बाटल्या गेल्यावर तिनं जे सांगितलं, ते वत्सलाबाईंनी लिहून घेतलं. ड्रम भरायची ती, पण भरला की त्याला साखळी आणि कुलूप. किल्ली मुंजाजीच्या करदोड्याला. मेंढरांना पाणी, म्हशीला पाणी, सासूला पाणी. हिला सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक, आणि तोंड उघडलं तर तोही नाही. शेजारी मागायला गेली की हा मागं येऊन उभा. भंडारा उचलून घरी आला त्याच दिवशी तिला म्हणाला होता, तुला बोट लावायचं न्हाई ना, न्हाई लावत.

शिवकन्या दवाखान्यातून माहेरी गेली. पोर मात्र मुंजाजीनं दिली नाही. वत्सलाबाईंनी पोरीसाठी आणि शिवकन्येला वेगळं राहता यावं म्हणून अर्ज केला, तेव्हा मुंजाजीनं रजिस्टरातल्या पानाची झेरॉक्स पुढं केली. मी मारलं नाही, अख्खं गाव साक्षीला आहे, आणि ही बघा चेअरमनबाईंची सही.

वत्सलाबाई छबुबाईंच्या घरी आल्या. चहा नको म्हणाल्या. तिला तहानलेली कुणी पाहिली आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. एका तरी माणसानं पाहिलं असेल तर पोर तिच्याकडं यायला मदत होईल.

छबुबाईंच्या कानात तांब्या पालथा घातल्याचा आवाज झाला. तरी त्या म्हणाल्या, "म्या पाठ पाह्यली, बाई. वळ नव्हता."

वत्सलाबाई गेल्या. छबुबाई उंबऱ्यातच बसून राहिल्या. पुढचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. घागर आणायच्या, माठ भरायच्या, आणि प्यायला तांब्या उचलला की तो हनुवटीचा ओघळ दिसायचा. तांब्या तसाच खाली ठेवायच्या. त्याचा राग मग दुधावर निघायचा. कुणाच्याही दुधात त्यांना पाणी दिसायला लागलं. सरस्वतीबाई शेवटी म्हणाल्या की चेअरमनबाई, आज तुमी स्वतःच्या म्हशीचं दूध परत केलंत. त्यावरही छबुबाईंना हसू आलं नाही. नखावरच्या थेंबातलं पाणी कळतं, आणि समोर उभ्या बाईच्या सुकलेल्या ओठांवरचं नसलेलं पाणी कळत नाही, असली कसली आपली पारख, हे त्यांच्या मनातून जाईना.

चौकशीची तारीख आली तसं दगडाबाईलाही कळलं की मैत्रीण हलली आहे. ती मिसरीची डबी घेऊन आली, दोघींनी मिसरी लावली, आणि थुंकून आल्यावर ती सरळ मुद्द्यावर आली.

"तू लिवलंस ते खरं ऱ्हाऊ दे, छबे. आज ह्यो कागद खोटा म्हणलीस, तर उद्या चौदा घरं इचारतील, आमचे बी खोटेच का म्हणून. तुला चेअरमन कोण ठिवंल?"

"तुला ठावं व्हतं का गं? ड्रमाचं?"

दगडाबाईनं डबीचं झाकण लावलं. "म्या सासू हाय तिची," ती म्हणाली. "मला कुणी पुसून पाणी दिलतं का माज्या वेळंला?"

दगडाबाई नवी सून होती तेव्हा तिच्या पाठीवरचे वळही त्यांनी पाहिले होते, आणि तेव्हा तर कुणी रजिस्टरही काढलं नव्हतं.

संरक्षण अधिकारी म्हणून एक तरुण बाई तालुक्याहून आल्या. चौकशी संस्थेच्या खोलीतच झाली. एका बाजूला मुंजाजी, नवा सदरा घालून. शेजारी दगडाबाई, मांडीवर नात. समोर वत्सलाबाई आणि त्यांच्या आडोशाला शिवकन्या. पोर आईकडं जायला धडपडत होती आणि दगडाबाईनं तिचा दंड धरून ठेवला होता. मुंजाजी धीटपणे बोलला. देवाला दिलेला शब्द मोडला नाही, खंडोबाची आण. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तो शब्द त्यांनीच त्याच्या तोंडात घातला होता.

अधिकारी बाईंनी रजिस्टर पुढं सरकवलं. ही सही तुमची का?

"हाय."

"हे लिहिलंय ते तुम्ही स्वतः पाहिलंत?"

छबुबाई उठून उभ्या राहिल्या. बसून बोलायची त्यांची हिंमत होईना.

"म्या पाठ पाह्यली. तोंड न्हाई पाह्यलं. ही लेक ह्या माठातलं तीन तांबे पाणी पिली. हात चाटला तिनं. आन् म्या..." इथं त्या थांबल्या. सांगायचं ते एवढंच होतं, पण आपला तो टोमणा आपल्याच तोंडानं परत काढायचा म्हणजे भरल्या खोलीत लुगडं फेडल्यासारखं वाटत होतं. "आन् म्या तिला म्हणलं, तळाला थोडं ऱ्हाऊ द्या, का माठबी संगं न्यायचा. असं म्हणले म्या. सगळ्यांदेखत."

या वेळी कुणी हसलं नाही. अधिकारी बाईंनी शब्द न् शब्द लिहून घेतला, मग विचारलं की हे आणखी कुणी ऐकलं का. मग सरस्वतीबाई खाली मान घालून म्हणाल्या, "म्या हसले व्हते, बाई." मागून आणखी एकीनं तेच सांगितलं. मुंजाजीचा हात नकळत कमरेच्या करदोड्याकडं गेला. दगडाबाईनं नातीचा दंड सोडला, डबी उचलली आणि कुणाकडं न बघता निघून गेली. पोर तेवढ्यात आईच्या मांडीत शिरली.

छबुबाईंनी पेन मागितला. जुन्या सहीवर काट मारायची होती. वत्सलाबाईंनी रजिस्टरावर हात ठेवला. राहू द्या म्हणाल्या, खाली नवं लिहा, पण हेही राहू द्या. म्हणून त्या पानावर आजही दोन सह्या आहेत. खालचीत 'ई' पार पानाबाहेर गेली आहे.

माजलगावच्या कोर्टात तारखा पडत गेल्या, पण पोर आईकडं आली आणि गावातच एका बाजूला शिवकन्येची वेगळी खोली झाली. छबुबाईंचं चेअरमनपद गेलं नाही. जातं तर बरं होतं, असं त्यांना कधीकधी वाटायचं. उन्हाळा सरता सरता त्या उरलेल्या तेरा घरी एकेक करून जाऊन आल्या. पाठ पाहिली नाही. चुलीपाशी बसायच्या, बाईला बोलू द्यायच्या, मग धान्याच्या कोठीची किल्ली कुणाकडं असते, माहेरी शेवटचं कधी गेलतीस, असलं विचारायच्या. तिघींनी जे सांगितलं ते वत्सलाबाईंकडं गेलं. एकीनं दारातूनच म्हटलं, "आता कशाला आलाव, मावशी?" आणि दार लावून घेतलं.

दगडाबाईनं दूध दुसरीकडं घालायला सुरुवात केली. छबुबाईंनी मिसरी सोडली. दात आता बरे दिसतात, असं त्या म्हणतात.

शिवकन्या माहेरून आणलेल्या म्हशीचं दूध घेऊन रोज संस्थेत येते. रांगेत उभी राहते, माप घेते, पावती घेते. छबुबाईंना मावशी म्हणत नाही, चेअरमनबाई म्हणते. आणि कितीही ऊन असलं तरी त्या माठाला हात लावत नाही. पिशवीत तिची प्लास्टिकची बाटली असते.

एकदा तिची पोर संगं आली होती. पोरांना काय कळतं, ती थेट माठाकडं गेली. छबुबाईंनीच तांब्या भरून दिला. पोरीनं अर्धा प्यायला, अर्धा झग्यावर सांडला आणि आणखी मागितला. छबुबाईंनी आणखी दिला. घे बाई, लागंल तेवढं पी, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण ते शब्द या माठापाशी त्यांना उच्चारवेनात. त्या नुसत्या तांब्या धरून उभ्या राहिल्या.

शिवकन्या पावती घेऊन वळली. पोरीला पिऊ दिलं, तिचं तोंड पदरानं पुसलं. मग पिशवीतून आपली बाटली काढली, दोन घोट घेतले, झाकण लावलं आणि पोरीचं बोट धरून उन्हात निघाली.