मोतीचं अक्षर

लिफ्टवाला जिन्यात मेला. बातमी एवढीच होती, पण लोकांना ती इतकी गोड लागली की दोन दिवस कुणाच्या तोंडातून निघेना. लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीचा माजी मोठा साहेब. त्याने ब्रेकच्या तपासणीचा अहवाल दाबून ठेवला आणि सात मजली दवाखान्याची लिफ्ट चार माणसांसकट खाली आली. तो स्वतः मात्र तीन मजले पायी चढत होता, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याचं हृदय थांबलं. इमारतीत लिफ्ट होती, चालूही होती, पण तो तिच्यात पाऊल टाकत नसे. ती लिफ्ट कोणत्या कंपनीची हे कुणीतरी शोधून काढलं, आणि मग लोकांनी पोट धरधरून हसून घेतलं.

मोतीला बातमी वहिनीने दिली, भांडी विसळता विसळता. "सुटलात हो वन्सं," ती म्हणाली, आणि कढई उपडी घातली.

मोती हे काही तिचं खरं नाव नव्हे. तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांनी पोरीच्या हातात पेन्सिलीआधी कुंचला दिला, आणि वेलांटी चुकली की त्याच कुंचल्याचा दांडा बोटांवर बसायचा. त्या माराने अक्षर असं झालं की शाळेत फळा लिहायला तिलाच उभं करायचे. लग्न जमलं नाही. छापखान्यात बारा वर्षं काढली, तो बंद पडला, आणि अडतिसाव्या वर्षी ती या कंपनीच्या रिसेप्शनवर लागली. येणाऱ्याचं नाव, वेळ आणि कुणाला भेटायचं ते पासवर हाताने लिहायचं, हे काम. पहिल्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी एक पास उचलून पाहिला आणि म्हणाले, "हा तर मोती आहे, मोती." ती चार दिवस जमिनीवर नव्हती. वर्षभराने जिन्याखाली विड्या फुंकणाऱ्या दोन इंजिनिअरांचं बोलणं कानावर पडलं तेव्हा उलगडा झाला. मोती दारात बसतो, मालक आला की उठून उभा राहतो, हाड टाकलं की खूश. साहेबांनीच जेवताना केलेला विनोद होता तो. तोवर सगळं ऑफिस तिला मोती म्हणत होतं, आणि ती ओ देत होती. पुढेही देत राहिली.

तिसऱ्या वर्षी साहेबांनी तिला वर बोलावलं. त्यांच्या आईला दर महिन्याला दोन ओळी जायला हव्या होत्या. टाइप केलेलं आईला चालत नसे आणि साहेबांना वेळ नव्हता. त्यांनी सांगितलं, मी आहे असं समजून लिही. आई अक्षर ओळखेल, असं ती घाबरत म्हणाली, तर साहेब हसले. शाळेनंतर आईने माझं अक्षर पाहिलंय कुठे, म्हणाले. पहिल्या तीन पत्रांवर त्यांनी स्वतः सही केली. चौथ्या वेळी फोनवर बोलता बोलताच हाताने खूण केली, तूच कर.

आईची उत्तरं ऑफिसच्या पत्त्यावर यायची. मोती ती वर न्यायची, साहेब म्हणायचे वाच आणि काय ते कळव. म्हणून तिने वाचली, सोळा वर्षं. म्हातारीचा गुडघा, हलणारी दाढ, शेजारच्यांचं मांजर, सगळं तिला पाठ झालं. स्वतःच्या आईला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिला पत्र लिहायचा कधी प्रश्नच आला नव्हता. "प्रिय आई" हे दोन शब्द ती आयुष्यात पहिल्यांदा लिहीत होती, आणि ते लिहिताना पाठ आपोआप ताठ व्हायची.

मग लिफ्ट पडली. चौकशीत एक चिठ्ठी सापडली आणि सगळ्या पेपरांत छापून आली. "ब्रेकचा अहवाल तूर्त बाजूला ठेवावा. पुढच्या वर्षी पाहू." खाली साहेबांच्या नावाची आद्याक्षरं. साहेबांनी ती रिसेप्शनच्या टेबलापाशी उभ्या उभ्या सांगितली होती आणि मोतीने पास लिहावा तशी लिहिली होती. लोक म्हणाले, काय अक्षर आहे मेल्याचं. चौकशीवाल्यांनी मोतीला बोलावलं. चिठ्ठी तुम्ही लिहिलीत का, विचारलं. "मी फक्त लिहिते," ती म्हणाली. चार मिनिटांत तिला घरी पाठवलं. इतक्या झटपट सोडलं याचं तिला आतून कुठेतरी लागलं होतं, पण ते सांगणार कुणाला.

साहेबांना काढलं, त्यांनी तोंड लपवलं, आणि आईची पत्रं येतच राहिली. त्यात ना खटला ना लिफ्ट, फक्त गुडघा आणि मांजर. म्हातारीच्या गावात पेपर पोचत नसावा, असं मोतीने धरून चालायचं ठरवलं. कुणी सांगितलेलं नसताना, स्वतःच्या पदरचं तिकीट लावून, ती सोळातली शेवटची दोन वर्षंही लिहीत राहिली. तिच्या पत्रांत साहेब अजून चौथ्या मजल्यावर बसत होते.

शेवटचं पत्र त्यांच्या मरणाच्या आठ दिवस आधीचं होतं.

आता आई येणार होती. तिने नव्या साहेबांना कळवलं होतं की शुक्रवारी पाच वाजता मी येते, मुलाबद्दल ऑफिसात लोकांनी काही लिहिलं असेल तर ते मला द्या. नव्या साहेबांनी लगेच हिशेब केला. म्हातारीबरोबर कुणी पेपरवाला आला तर? त्यांनी तातडीने रिसेप्शनवर एक टेबल मांडलं, त्यावर पांढरी चादर, फोटो, जाड कागदाची वही. सकाळी दहा ते पाच, कुणीही यावं आणि शोक लिहावा. मोतीला बाजूला घेऊन म्हणाले, लोक काही येणार नाहीत, तू वीसेक जणांच्या नावाने भरून टाक, तुझं अक्षर आहेच.

आणि नेमकं तेच तिला करता येत नव्हतं. या वहीत तिच्या हातची एक ओळ जरी उमटली तरी आईला कळणार होतं की ज्या हाताने मुलगा सोळा वर्षं पत्रं लिहीत होता, तो हात मुलाबरोबर मेलेला नाही. म्हातारीकडे मुलाचं म्हणून तेवढंच होतं, पत्रांचा एक गठ्ठा. मोतीला तो वाचवायचा होता. त्यासाठी दुसऱ्या कुणाच्या तरी हातचे दोन बरे शब्द हवे होते. दोनच.

लोक येणार नाहीत हा नव्या साहेबांचा अंदाज साडेदहालाच कोसळला. पार्सल घेऊन आलेल्या माणसाने वही पाहिली, पेन उचललं आणि लिहिलं, "वर गेलात की खाली?" त्याचा फोटो काढून कुठेतरी टाकला, आणि अकरापर्यंत फुटपाथवर रांग लागली. नव्या साहेबांचा हुकूम होता की पास घेतल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही, म्हणून मोती एकेकाचं नाव मोत्यासारख्या अक्षरात पासवर लिहीत होती आणि तो माणूस चार पावलं पुढे जाऊन वहीत घाण करत होता. "ब्रेक लागला एकदाचा." "देवाघरी जिना आहे ना, की तिथे लिफ्टनेच जावं लागलं?" एकाने लिफ्टचं चित्र काढलं, आत टाय लावलेला माणूस, खाली बाण. बाजाराची पिशवी घेतलेल्या एका बाईने तर टेबलावर कोपर टेकून परीक्षेचा पेपर लिहावा तसं अख्खं पान भरलं. आणि सगळे किती सभ्य. ताई, पान उलटू का. ताई, पेन जरा झिजलंय. मागच्यांना जागा करून देत होते, एकमेकांचं वाचून दाद देत होते.

मोतीने ऑफिसातल्यांना गळ घातली. चहावाली मावशी म्हणाली, मला लिहिता येत नाही तेच बरंय, येत असतं तर तुलाच ते पान चिकटवून टाकावं लागलं असतं. वॉचमनने मात्र मान हलवली. आजींसाठी लिहितो, म्हणाला. पेन घेऊन बराच वेळ उभा राहिला, मग एक अक्षर काढलं आणि पेन बंद केलं. मोतीने वाकून पाहिलं. "ए." एवढंच. अकरा वर्षांत साहेबांनी त्याला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली नव्हती.

दुपारी अडीचला धुतलेल्या शर्टातला एक गृहस्थ आला. साठीचा, गप्प. रांगेत हसला नाही, फोन काढला नाही. मोतीला वाटलं, हा आपला माणूस. पास देताना ती हळूच म्हणाली, "दोन बरे शब्द लिहाल का? त्यांची आई येणार आहे."

"आई आहे का त्यांना?"

"आहे ना."

"माझ्या मुलीलाही आहे," तो म्हणाला. "नर्स होती. त्या लिफ्टमध्ये."

तो हातातल्या पासकडे बघत होता. मग त्याने पाकिटातून पेपरचं घडी घातलेलं कात्रण काढलं आणि पासशेजारी धरलं. दोन्हीकडे तोच ल, तीच वेलांटी.

"हे तुमचं?"

"मी फक्त लिहिते," मोती म्हणाली.

त्याने मान डोलावली, जणू दुकानात भाव विचारला आणि कळला. वहीत लिहिलं, "सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं." मग पास कात्रणाच्या घडीत ठेवून पाकीट बंद केलं. "पास परत द्यायचा असतो," मोतीच्या तोंडून सवयीने निघून गेलं. "राहू दे," तो म्हणाला. "माझ्याकडे असू दे."

चार वाजता नवे साहेब खाली आले, वही चाळली आणि पांढरे पडले. सगळी पानं फाड आणि बसून नवीन लिही, त्यांनी फर्मान सोडलं, आणि रांगेला हाकलायला बाहेर गेले. मोतीने पानं फाडली, आपल्या ड्रॉवरमध्ये कोंबली. मग वही घेऊन स्टेशनरीच्या खोलीत गेली, आतून कडी लावली आणि डाव्या हातात पेन धरलं. "ते फार चांगले होते" एवढं लिहायला तिला पाव तास लागला. कागदावर जखमी मुंगळा सरपटत गेल्यासारखं दिसत होतं. वडील असते तर कुंचल्याचा दांडा मोडेपर्यंत मारलं असतं.

बरोबर पाचला आई आली, एकटीच, काठी टेकत. तिचा पास मोतीने वॉचमनकडून लिहून घेतला होता. सगळं ठरवून ठेवलं होतं, तरी म्हातारी दारात दिसताच ती उभी राहिली आणि म्हणाली, "या आई."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग वहीकडे गेली, पिशवीतून भिंग काढलं, मुंगळ्याची ओळ वाचली. कडेला उरलेल्या फाटक्या धारांवरून बोट फिरवलं.

"ही पानं कुठायत?"

ती खराब झाली, मोती पुटपुटली. आईने नुसता हात पुढे केला. तो हात तसाच राहिला, आणि मोतीने ड्रॉवर उघडला.

आईने सगळी पानं वाचली, उभ्याने, एकेक ओळ भिंगाखाली घेऊन. बाणाच्या चित्राशी थोडी थांबली. "ए" कुणाचं ते विचारलं, वॉचमनने हात वर केला, तिने मान हलवली. अकरा वीसच्या पानावर तिचं भिंग बराच वेळ हललं नाही. मग पानं जुळवून तिने पिशवीत ठेवली आणि मोतीला आपादमस्तक न्याहाळलं.

"मला वाटलं होतं, तरुण असशील."

मोतीने ड्रॉवर लावून घेतला. "कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच पत्रात. माझा मुलगा मला प्रिय म्हणेल का?"

"मग उत्तरं का लिहीत होतात?"

"येत होती म्हणून." आई खुर्चीवर बसली. "न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घे म्हणून मागे लागली होतीस. चार पत्रं त्यातच घालवलीस. बसवली मी. मग पेपरात ती चिठ्ठी पाहिली. म्हटलं, हा तर माझ्या दांडीवाला हात."

"मी फक्त लिहिलं, आई. त्यांनी सांगितलं ते."

"दांडीचं कुणी सांगितलं होतं?"

वॉचमन उगाच दाराची कडी बघायला गेला.

"वही घे," आई म्हणाली. "कोरं पान. आणि तो डावा हात ठेव बाजूला. लिही. चौघं गेले. पाचवा उशिरा गेला."

पेन कागदावर टेकलं, थांबलं, मग चाललं.

"खाली सही कर. माझी."

"तुमची मी कशी…"

"सवय आहे तुला."

"आई, हे लोक वाचतील. आईने असं लिहिलं म्हणून…"

"तू फक्त लिही."

मोतीने लिहिलं. सोळा वर्षं पाकिटांवर लिहिलेलं नाव होतं ते, हात अडखळला नाही. आईने भिंगातून तपासलं, वही तशीच उघडी टेबलावर ठेवली आणि उठली. पास वॉचमनच्या हातात दिला. जाताना मागे वळून पाहिलं नाही.

वहीचं पान नव्या साहेबांच्या नजरेला पडायच्या आत कुणीतरी त्याचा फोटो काढला होता. सकाळपर्यंत तो सगळीकडे पोचला. कुणीतरी शेजारी ती जुनी चिठ्ठी जोडली, आणि लोकांनी दोन्हीकडचे ल आणि वेलांट्या मोजून काढल्या.

पहिला आला तो कालचाच पार्सलवाला. टेबलावर रेलून तो वॉचमनला फोन दाखवत होता. "म्हातारी बाकी कडक आहे. आणि अक्षर बघ काय. पोरगा तिच्यावरच गेला होता."

मग तो मोतीकडे वळला आणि नाव सांगितलं. मोतीने त्याचा पास लिहिला.